कोरडी चिंधी

वाळ्याची ताटी भिजली, की त्या वासासरशी शाळेच्या मैदानातली पांढरी झडपांची पेटी आठवते. आत दोन थर्मामीटर होते; एकाला बांधलेली चिंधी खालच्या वाटीतल्या पाण्यानं सतत ओली राही, त्यामुळे त्याचा पारा उतरे, आणि दोन्ही आकड्यांतल्या फरकावरून हवेतला ओलावा कळे; फरक कमी, तर ओलावा जास्त. रोज एका मुलीची पाळी असे. माझ्या पाळीला, ऐन उन्हाळ्यात, वाटी कोरडी ठणठणीत होती. मी शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या माठाकडे वळले, तशा बाई म्हणाल्या, "तू राहू दे वं, पाणी दुसरी कोणी टाकेल. तू फक्त आकडे पाह्य." कायद्यानं शिवाशिव गेली होती, पण आमच्या वस्तीतल्या मुलींसाठी माठापाशी ती होतीच. दुसरी कोणी आली नाही. मी आकडे पाहिले, दोन्ही सारखे, तसेच फळ्यावर लिहिले. बाई हसल्या, "एवढ्या उन्हात दोन्ही सारखे? बाहेर पाऊस पडून राहिला का वं?" वर्गही हसला. "बाई, चिंधी वाळली होती," मी म्हटलं. "मग पाणी काहून नाही टाकलं?" उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाईंनी फळा पुसला आणि माझी पाळी दुसरीला दिली. तिनं माठातून वाटी भरली आणि आकडे बरोबर आले. आजही घरच्या ताटीवर पाणी मारताना ते 'काहून' आठवलं, की बादली माझ्याकडून जोरातच आपटली जाते.