गोणीवरचं गाव

"आधी पाठ बघू." कोणतंही पान हातात आलं की बाई एवढंच म्हणायच्या आणि ते उलटं करायच्या. भाजीवाल्यासमोर पालकाची अख्खी जुडी एकेक पान करून उलटायच्या. आमच्या दारातल्या तुळशीलाही त्यांनी सोडलं नाही. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी केळीचं पान उलटून पाहिलं तेव्हा त्यावर वरणभात वाढलेला होता, असं मी सांगत असतो. वरणभाताचं तुम्ही मनावर घेऊ नका.

संत तुकाराम नगरात त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या; बुरशी आधी पानाच्या पाठीला धरते, असं त्यांचं म्हणणं. मी चाकणच्या कांदा बाजारात एका अडत्याच्या गाळ्यावर माल उतरवून घेणारा माणूस.

बाईंचा एक पेपर जगभर गाजला होता. साठवलेला कांदा सडवणारी बुरशी गावागणिक कशी वेगळी असते, यावर. पृथ्वीच्या पाठीवर कुणीही कांद्याच्या बुरशीबद्दल लिहायला बसलं की त्याला बाईंच्या पेपरचा हवाला द्यावाच लागे. त्याला सायटेशन म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. मग मी बाजारभर सांगत सुटलो, "आमच्या मॅडमची सायटेशनं चाकणच्या चौकात अडकलेल्या ट्रकांपेक्षा जास्त आहेत."

आमचा म्हातारा हमाल म्हणाला, "मग ती बी जागची हलत नसतील."

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पोटभर हसल्या. नंतर म्हणाल्या, "आकडा वाढला की धडकी भरते, भाऊ. इतकी माणसं माझ्या शब्दावर विसंबून पुढचं लिहितात."

एका रविवारी चहा घेताना मी सहज विचारलं, "एवढ्या गावांचा कांदा तुम्ही जमवला तरी कसा?"

"सोपं होतं. तुमच्याच बाजारात आले होते. गोण्यांवर गावांची नावं रंगवलेली होती. गोणीतला कांदा घेतला, गोणीवरचं गाव लिहिलं."

मी हसलो. हसायला नको होतं. "अहो मॅडम, ते गाव गोणीचं, कांद्याचं नव्हे. रिकामी गोणी विकली जाते, पुन्हा भरली जाते, चार बाजार फिरते. कुठल्या गोणीत कुठला कांदा, ते ड्रायव्हरलाच ठाऊक."

बाईंनी कप खाली ठेवला. "भाऊ, तुमच्या बोलण्यातलं निम्मं मी नेहमी सोडून देते. यातलं किती सोडू?"

पुढच्याच महिन्यात त्यांचा प्रोफेसरपदाचा इंटरव्ह्यू होता आणि सगळी भिस्त त्या एका पेपरवर. 'थट्टा केली हो' म्हटलं असतं तर विषय मिटला असता. जन्मभर फुकटात थापा मारल्या, आणि ऐन गरजेला एक सुचली नाही.

"काहीच सोडू नका," मी म्हणालो.

दुसऱ्या बाजारदिवशी लिलावाच्या आधी बाई हजर. प्रत्येक गाडीपाशी जायचं, गोणीवरचं गाव वहीत लिहायचं, ड्रायव्हरला माल कुठे भरला ते विचारायचं आणि तेही शेजारी लिहायचं. ऊन चढलं. तोच हमाल म्हणाला, "ताई, सावलीला बसा. कांदा काय पळून न्हाई जात."

"मी पळून जाईन म्हणून उभी आहे," बाई म्हणाल्या.

दुपारी त्यांनी वही माझ्यासमोर धरली. गोणीवरचं गाव आणि ड्रायव्हरने सांगितलेलं गाव क्वचितच जुळत होतं.

"इतक्या वर्षांत कुणाला कळलं नाही," मी हळूच म्हणालो. "मी तोंड उघडणार नाही."

"मला कळलं ना."

'निदान इंटरव्ह्यू होऊ दे' म्हणून कॉलेजातल्या लोकांनी हात जोडले. पेपर छापणाऱ्या मासिकाला त्याआधीच पत्र धाडून बाईंनी तो मागे घेतला. छापून आलेल्या चार ओळी माझ्या मुलीने मला मराठीत सांगितल्या. गोण्या पुन्हा वापरतात, हे लेखिकेने विचारायला हवं होतं; तिने विचारलं नाही; चूक तिची एकटीची. मी तीनदा सांगायला लावल्या. अडत्यावर, हमालावर, कुणावर म्हणून ढकललं नव्हतं. आमच्या बाजारात वजनात चूक निघाली तर माणसं काट्याला शिव्या देतात हो.

इंटरव्ह्यूत बाईंनी समोरच्या मंडळींना गोण्याच समजावून सांगितल्या म्हणे. पद दुसऱ्याला मिळालं. ते कळलं त्याच संध्याकाळी आमची बेल वाजली. आता ही बाई रडणार, म्हणून आमच्या सौ. पाणी घेऊन आल्या. बाई दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, एखादा ओळखीचा गाडीवाला आहे का? सगळं पहिल्यापासून करायचंय. या वेळी शेतापासून."

आता वरच्या मजल्यावर दुसरं बिऱ्हाड आहे. खेडच्या पुढे कुठल्याशा वाडीत खोली घेऊन बाई राहतात, असं गाडीवाले सांगतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बाजाराच्या फाटकाशी. माल उतरवून रिकामा निघालेला ट्रक उभा होता. "ताई, दांडी धरा, मग पाय टाका," ड्रायव्हर सांगत होता. पन्नाशी उलटलेल्या बाई पदर खोचून केबिनमध्ये चढल्या. मी खालून नमुन्याचे कांदे भरायच्या कागदी पिशव्यांचा गठ्ठा दिला. तो मांडीवर ठेवून त्यांनी वही उघडली. इंजिन सुरू झालं, तरी त्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"दादा, तुमचं स्वतःचं गाव कोणतं?"