सबोहतवर चढलेली भेंडी

खुजंद शहरातल्या त्या गल्लीत सबोहतला शेरांच्या भेंड्यांत हरवणारा माईचा लाल जन्मला नव्हता. बापाने लहानपणी ढीगभर शेर घोकून घेतलेले; अक्षर आलं की शेर हजर! अर्थाशी कुणाला काय देणंघेणं? तंदुरातून रोट्या काढून हात भाजले, गुडघे कामातून गेले, जीभ तेवढी तशीच राहिली.

नवरा असलिद्दीन रशियात बांधकामावर. फोनवर बोलायला दोघांकडे उरलंय काय? मग तो शेर टाकायचा, ही पुढचा जोडायची, "चढली गं माझ्यावर भेंडी," म्हणत तो फोन ठेवायचा. कामाने पाठ आखडली तरी परत येतो म्हणून कधी म्हणाला नाही. यंदाही हिवाळाभर राहणार का, हे त्याला शुक्रवारी मुकादमाला सांगायचं होतं. 'तिथंच करमतंय मेल्याला,' म्हणून ही आतल्या आत जळायची. पण 'या' म्हणेल तर शपथ!

एका लग्नात भेंड्या जिंकल्यावर शाळेतल्या रोझियाबाईंनी विचारलं, "आत्ताच्या शेराचा अर्थ काय गं, सबोहत?" हिने शेरच परत म्हणून दाखवला. सगळं लग्नघर हसलं. ते इतकं झोंबलं, की ही बाईंच्या कवितेच्या वर्गाला जायला लागली. दिवसभर तंदुरापाशी उभी राहून तिथं निम्मा वेळ पेंगायची, बिचारी.

त्या गुरुवारी बाई म्हणाल्या, "पाठ असलेला एखादा शेर सांग." तिने नवऱ्याचा नेहमीचा सांगितला:

"परक्या विहिरीचं पाणी गोड, म्हणती सारे;
माझ्या ओठांना ठाऊक, तहान कुठली रे."

"कोण बोलतंय?"

"मला काय माहीत! असेल कुणीतरी."

"उभा कुठं आहे?"

"विहिरीपाशी. परगावात."

"आणि सांगतोय कुणाला?"

सबोहतची झोप उडाली.

"यावर तू काय जोडतेस?" बाईंनी सहज विचारलं.

"'रस्ता लांब, ऊन चढलं, चालणाऱ्या, थांबू नको...'" म्हणता म्हणता तिच्या ध्यानात आलं. दर हिवाळ्याला तो तेच म्हणत होता, आणि दर हिवाळ्याला ती हेच सुनावत होती. वर जिंकल्याची मिजास! तिला स्वतःचीच लाज वाटली.

शुक्रवारी फोन आला. मागे यंत्रांची घरघर. थकल्या आवाजात त्याने तोच शेर म्हटला आणि थांबला.

'र'चे कितीतरी शेर तिच्या जिभेवर आले. तिने एकही म्हटला नाही.

"काय गं, झोपलीस?"

"नाही हो. चढली भेंडी माझ्यावर. या आता घरी."

पलीकडची घरघर मागे पडली; तो यंत्रांपासून बाजूला आला होता.

"परत एकदा म्हण," तो म्हणाला.