शेवटच्या टिकला एंटर

दवाखान्यात कापसाचे बोळे आणि किस्से दोन्ही रोज साचतात. बोळे संध्याकाळी बाहेर जातात, किस्से मात्र न्यायला कुणीच येत नाही! जिंतूरच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं खिडकीवर बसून पेशंटचे केसपेपर काढते. त्यामुळे माझ्याकडे साठा मोठा. त्यातले बरेचसे किस्से घड्याळाचे, आणि घड्याळाचे म्हणजे गंगाधरकाकांचे.

काका आमचे सगळ्यात जुने कंपाउंडर. ते जन्मले त्याच दिवशी त्यांचे वडील शेतात वीज पडून गेले. आधी जन्म की आधी मरण, कुणालाच माहीत नाही. घरात घड्याळ नव्हतं. गावानं मात्र ठरवून टाकलं, 'बापाला खाऊन आलेलं पोर.'

काका म्हणायचे, "ताई, घरात एक घड्याळ असतं ना, तर मायनं मला मांडीवर तरी घेतलं असतं."

म्हणून दवाखान्यातली वेळ त्यांच्या जिवाला लागलेली.

*

आमच्याकडे कॉम्प्युटर चार. माझ्या खिडकीवर, लॅबमध्ये, मेडिकलमध्ये आणि लेबर रूममध्ये. चौघांची चार तोंडं! कुणाचं घड्याळ पुढे, कुणाचं मागे.

एकदा एका सुनेचं रक्त तपासलं. सासऱ्यानं माझा केसपेपर आणि लॅबचा रिपोर्ट शेजारी शेजारी धरले, वेळा वाचल्या आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडला, "लय फास्ट दवाखाना हाय! सुई टोचायच्या आधीच रिपोर्ट!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरून रेडिओ घेऊन आले.

*

इंटरनेटचा तेव्हा काही भरवसा नव्हता. रेडिओवर बातम्यांच्या आधी टिक, टिक, टिक वाजतं ना, त्यावर काकांनी वेळ लावायला सुरुवात केली. रोज सकाळी ते रेडिओ इंटरकॉमला धरायचे आणि हुकूम सोडायचे, "हात एंटरवर! शेवटच्या टिकला दाबा!"

आम्ही चौघी चार खोल्यांत बातम्यांची वेळ टाइप करून बोट उचलून बसायचो. श्वाससुद्धा रोखलेला!

एकदा खिडकीवर एक आजोबा आले. मी म्हटलं, "थांबा बाबा, वेळ लावायलोत." त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक! त्यांनी टोपी काढली, डोळे मिटले, हात जोडून उभे राहिले. टिकटिक संपली, आम्ही एंटर दाबलं.

आजोबांनी डोळे उघडून हात पुढे केला, "परसाद?"

*

मग गच्चीवर डबा बसला. परभणीहून इंजिनिअर आला होता. म्हणाला, "आता वरचे उपग्रह रेडिओच्या लहरींवर वेळ पाठवणार. हा अँटेना ती पकडणार आणि चारही कॉम्प्युटर आपोआप एका वेळेवर चालणार."

काकांनी विचारलं, "मग दाबायचं कुणी?"

"कुणीच नाही, काका!"

काकांनी रेडिओ टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

*

उन्हाळ्यात उपग्रहांची वेळ एकदम बंद झाली. इंजिनिअर धावत आला, वायरी तपासल्या, काही सापडेना. शेवटी गच्चीवर गेलो, तर अँटेनावर जर्मनचं भलंमोठं पातेलं पालथं घातलेलं!

वॉचमनची बायको म्हणाली, "इवलंसं मशीन, उनात तापायलं होतं. मला बघवंना."

पातेलं निघेपर्यंत काकांचा रेडिओ पुन्हा वाजला. काय खूश होते काका! "आभाळाला सुट्टी असती, रेडिओला न्हाई!" म्हणाले. नंतर टॉवेल पुन्हा गुंडाळला.

*

आणि हा उसाच्या हंगामातला.

देवगाव फाट्याच्या पुढची एक बाई बाळंतपणाला आली होती. दिवस भरले म्हणून मागे राहिलेली. नवरा ऊसतोडीला गेलेला. ती लेबर रूममध्ये असतानाच सासूला मुकादमाचा फोन आला. ट्रॉली उलटली होती. तिचा मुलगा गेला होता. कधी, तेही मुकादमानं सांगितलं.

मुलगी झाल्याचं बाहेर कळलं ते त्यानंतर थोड्या वेळानं.

म्हातारी माझ्या खिडकीपाशी आली. डोळे कोरडे. "ताई, पोरगी कवा झाली? माझ्या लेकाच्या आधी का मागून?"

माझ्यासमोर स्क्रीनवर जन्माची वेळ होती, मुकादमानं सांगितलेल्या वेळेच्या जराशी नंतरची. चारही कॉम्प्युटरवर तीच.

"मागून झाली असंल तर तिचं तोंड बघनार न्हाई मी. सांगा."

मागे काका उभे होते. ते कपाटाकडे गेले, टॉवेल सोडला, रेडिओ लावला. बातम्यांची वेळ होतच आली होती. त्यांनी इंटरकॉम उचलला, "हात एंटरवर!"

लेबर रूममधून शोभा सिस्टर म्हणाली, "काका, आता कशाला? गच्चीवरचा डबा तर चालू—"

"दाबा म्हनलं ना, पोरी."

टिक, टिक, टिक. शेवटच्या टिकला आम्ही चौघींनी एंटर दाबलं. स्क्रीनवरची वेळ जराही हलली नाही.

काका म्हातारीकडे वळले. "माय, आमची घड्याळं पुढं पळायली होती. आत्ता नीट लागली. पोरगी आधी आली."

म्हातारी रेडिओकडे बघत राहिली. मग तिथंच फरशीवर बसली, मांडी घातली, पदर सारखा केला.

"आना मग," म्हणाली.