भावाच्या वाट्याचं गाऱ्हाणं

शिमग्याच्या आठवडाभर आधी आईचा फोन आला तेव्हा मी भाट्याच्या पुलाच्या अलीकडे होते. स्कूटर बाजूला घेतली. "औंदा पालखी येऊंदे घरात," ती म्हणाली, "मला देवाला इचारायचं हाय." काय विचारायचंय, हे पुसायची माझी हिंमत झाली नाही. 

माझा धाकटा भाऊ फौजेत होता. सीमेवरच्या एका डोंगरउतारावर गोळीबार झाला, त्यात त्याचे साथीदार जखमी होऊन पडले. हा सरपटत गेला आणि एकाला ओढून घेऊन आला. पुन्हा गेला, दुसऱ्याला आणलं. तिसऱ्यासाठी गेला तो गेलाच. त्याचं शौर्यपदक घ्यायला मी आईला दिल्लीला नेलं होतं. त्याने काय केलं ते हिंदीतून वाचलं जात असताना आई पुढे एकटी उभी होती आणि ती पडेल की काय, म्हणून मी मागे खुर्चीच्या कडेवर बसले होते. ती पडली नाही, रडली नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "दोगांना आणलान ना? मंग परत कशाला गेला?"

खरं सांगायचं तर मला त्याचा रागच आला होता, अजून येतो. लहानपणीही संध्याकाळी गोठ्यात एखादं वासरू कमी दिसलं, की हा पुढ्यातलं ताट सारून पुन्हा रानात जायचा. आम्ही दोघी तोवर उपाशी. घरी आणल्यावर आईने पदक कपाटात लुगड्यांखाली ठेवलं, ते पुन्हा काढलं नाही.

संगमेश्वराकडच्या आमच्या गावात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. ती ओसरीवर बसली की मानकरी गाऱ्हाणं घालतात. घरातल्या एकेका माणसाचं नाव देवाच्या कानावर घालतात, त्याला सांभाळ म्हणतात, आणि जमलेले सगळे एका सुरात 'व्हय महाराजा' म्हणतात. भाऊ भरती झाल्यापासून दरवर्षी त्याच्यासाठी गाऱ्हाणं पडायचं. बाकीच्या बायका तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या, आईचा 'व्हय महाराजा' मात्र पार बाहेरच्या पाणंदीत ऐकू जायचा. तो गेल्यावर वर्ष सरलं नव्हतं म्हणून गेल्या शिमग्यात पालखी आमच्या दारावरून पुढे गेली. यंदा येणार होती, आणि इतक्या वर्षांच्या त्या 'व्हय महाराजा'चं काय केलंस, असा जाब आई देवाला चारचौघांत विचारणार, याबद्दल मला शंका नव्हती.

मी काही देवभोळी नाही. पण गावात देवाला बोल लावला की पुढे कुणाची म्हैस आटली तरी आमच्याच घराकडे बोट जाईल, हे मला ठाऊक होतं. आणि तेही परवडलं. खरी भीती निराळीच होती. आईने विचारलं आणि देव गप्पच राहिला, तर ही बाई पुढे कुणाच्या आधाराने जगणार? वडील कधीच गेलेले, मी सासरी. तिच्याजवळ उरलाय तो हा एक देव.

म्हणून आदल्या दिवशी मी आमच्याकडे गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकरी काकांचं घर गाठलं. म्हटलं, "काका, उद्या आमच्याकडे थोडक्यात आटपा. भावाचा विषयच काढू नका."

"मला काय येड लागलाय बाय?" ते म्हणाले. "त्याला खांदा दिलाय मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ढोल-ताशे दारापुढच्या खळ्यात आले. आईने सकाळपासून पालखीची ओटी भरायची काहीच तयारी केली नव्हती. मी गुपचूप नारळ, तांदूळ, खण सुपात काढून दाराआड ठेवलं होतं. पालखी टेकली, वाजप थांबलं. आई खांबाला धरून उभी. तिच्या तोंडाकडे बघायचा मला धीर होईना.

काकांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, या घरावर तुजी सावली ऱ्हाऊंदे!"

"व्हय महाराजा!"

"लेक सासरी नांदत्येय, तिला सुखाची ठेव!"

"व्हय महाराजा!"

सुटलो एकदाचे, असं मला वाटलं. पण काकांच्या जिभेला वर्षानुवर्षांचं वळण. ती थांबली नाही. "आन् या घरचा लेक तिकडं शिमेवर हुबा हाय, त्याच्या पाठीशी हुबा ऱ्हा, त्याला सुखरूप ठेव!"

त्यावर 'व्हय महाराजा' आलंच नाही. काकांनी डोळे उघडले, माणसांचे चेहरे बघितले, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. मी आईचा दंड धरला, तिला आत न्यायला. तिने तो झटकन सोडवून घेतला.

"व्हय महाराजा!" आई म्हणाली. पूर्वीसारखीच, पाणंदीत ऐकू जाईल अशी.

"चुकलो गो वैनी," काकांनी हात जोडले.

"चुकलाव नाय तुमी. त्याच्या जागेवर आज कुणाचा तरी लेक हुबा असंल. त्याच्यासाठी परत म्हना."

काकांनी परत म्हटलं. या वेळी सगळं खळं ओरडलं. मी दाराआडचं सूप आणून आईच्या हातात दिलं.

"तुला देवाला विचारायचं होतं ना?" मी हळूच म्हणाले.

"तो परत कशाला गेला, ताच इचारायचं व्हतं," ती म्हणाली. "नको आता. तिसरा पन कुणाचा तरी लेकच व्हता." आणि ओटी भरायला खाली वाकली.