जहाजाची उजवी बाजू

जहाज बघायला लखनौला निघालेय, असं सांगितलं तेव्हा घरात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सासूबाईंनी, माझं मन दुखणार नाही अशा बेताने, समुद्र मुंबईला असतो याची आठवण करून दिली. मी म्हटलं, ठाऊक आहे. पण मला हवं असलेलं जहाज केव्हाच मोडीत निघालंय. त्याची एक खोली तेवढी शिल्लक आहे आणि ती आलमबागमधल्या एका आजींच्या डोक्यात आहे.

माझा धंदा चित्रांच्या पुस्तकांचा. एखादी गोष्ट दिसली की 'हे आतून कसं असेल?' हा प्रश्न ज्यांना गप्प बसू देत नाही, अशा लहानमोठ्या वाचकांसाठी मी पुस्तकं करते. किल्ला झाला, धरण झालं, आणि गेलं वर्षभर मी महासागर ओलांडणाऱ्या प्रवासी जहाजांनी झपाटलेली आहे. मी जन्माने मिरजेची, त्यामुळे पाण्याशी संबंध कृष्णेपुरता, आणि तोही काठावरून. तरी या जहाजांनी मला वेड लावलं. आजची क्रूझ माणसांना हिंडवून आणते. ही जहाजं माणसांना पोहोचवत. टपाल, शिकायला निघालेली मुलं, नोकरी शोधणारे, नवऱ्याकडे निघालेल्या बायका, सगळे एकाच पोटात आणि ठरलेल्या दिवशी पलीकडच्या किनाऱ्यावर. काही जहाजांचं चौथं धुराडं केवळ दिखाऊ असे, कारण जास्त धुराडी म्हणजे जास्त दमदार जहाज अशी लोकांची समजूत होती. हे मला कळलं त्या दिवशी मी ते भेटेल त्याला सांगत सुटले होते, दूधवाल्यालासुद्धा.

पुस्तकाच्या मधोमध एक लांबलचक घडीचं पान आहे. त्यावर छेदचित्र, म्हणजे पाव सुरीने लांबीत उभा कापावा तसं जहाज शेंड्यापासून शेपटापर्यंत कापायचं, आपल्याकडची अर्धी बाजू काढून ठेवायची आणि उरलेल्या अर्ध्यातल्या खोल्या दाखवायच्या. वरचे मजले झकास जमले होते. नाचघरं, जिने, झुंबरं यांचे हवे तेवढे फोटो मिळतात. पण सगळ्यात खाली, स्वस्त तिकिटाच्या खोल्यांत कोण कशाला फोटो काढायला जाईल? प्रकाशकांनी शेवटचं सांगून टाकलं होतं, की या आठवड्यात काही मिळालं नाही तर खालचे मजले काळे रंगवून मोकळी हो. माणसांनी खच्चून भरलेला मजला काळा रंगवायचा, या विचाराने माझी झोप उडाली होती. तेवढ्यात लखनौहून मंजूताईंचा फोन आला. मुलांसाठी माझी पुस्तकं मागवणाऱ्या या बाई शाळेत शिकवतात. त्या म्हणाल्या, "आमची आई जहाजाने विलायतेला गेली होती. खालच्या मजल्यावरून. तुम्ही आ जाइए, पण लवकर या."

लवकर का, ते तिथे गेल्यावर कळलं.

जानेवारीतलं धुकं असं, की विमान बराच वेळ लखनौवर नुसत्या घिरट्या घालत राहिलं. उतरल्यावर मेट्रो पकडायला गेले, तर तपासणीच्या जागी शिपायाने माझी खांद्याएवढी लांब नळी अडवली. आत काय आहे? मी म्हटलं, जहाज. त्याने भुवया वर केल्या तशी घाईने सांगितलं, पानी का जहाज़, काग़ज़ पर. त्याने नळी अदबीने परत दिली आणि म्हणाला, "ले जाइए। मगर गोमती में मत उतारिएगा, बेचारा बैठ जाएगा।" गाव मला तिथेच आवडलं.

आलमबागच्या स्टेशनबाहेर गाजर-मटारचे ढीग, बसवाल्यांच्या हाका आणि ई-रिक्षांची धक्काबुक्की. मंजूताई कानटोपी घालून न्यायला आल्या होत्या. घरी दिवाणखान्यात हीटरसमोर शालीत गुरफटून त्यांच्या आई, इंदूताई, बसल्या होत्या. माहेर अमरावतीचं, वय पंच्याऐंशीच्या घरात, आवाज खणखणीत. मी पाया पडले तशा म्हणाल्या, "पाया नंतर पड, आधी ते जहाज उघड."

सोफे भिंतीला सारून आम्ही चित्र जमिनीवर उलगडलं. ते दिवाणखान्यातून निघून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोहोचलं. इंदूताई मंजूताईंच्या हाताला धरून जहाजाच्या कडेकडेने चालू लागल्या, आणि मी मागे वही-पेन्सिल घेऊन. नाचघरापाशी त्या हसल्या, तिथे त्यांना कधी कोणी जाऊच दिलं नव्हतं. खालच्या मजल्याशी थांबून त्यांनी चष्मा सारखा केला. इकडून तिकडे, तिकडून इकडे बघितलं. मग सरळ माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझी खोली तर तू कापून टाकली, माय."

मला काही सुधरेना. मग उलगडा झाला. मराठी वाचणारा डोळा डावीकडून उजवीकडे जातो, म्हणून आम्ही चित्रवाले गाड्या, घोडे, जहाजं सगळं उजवीकडे तोंड करून काढतो. विचारसुद्धा करत नाही. तोंड उजवीकडे, म्हणजे बघणाऱ्यासमोर येते ती जहाजाची उजवी बाजू, आणि छेद दाखवायला तीच मी काढून फेकली होती. इंदूताईंची खोली त्या बाजूला होती.

"पण आई, नसीम ख़ाला तो कहती हैं खोली डावीकडे होती," मंजूताई म्हणाल्या.

"नसीम काहीही सांगते," इंदूताई म्हणाल्या, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

माझ्यापुरता तो आत्ता सुरू झाला होता. नसीमआपा त्याच खोलीत खालच्या बर्थवर होत्या. इंदूताई वरच्या. एक अमरावतीची, एक लखनौची, दोघी नुकत्या लग्न झालेल्या आणि नवऱ्यांकडे निघालेल्या; ओळख झाली ती बोटीवर. पुढे नसीमआपा लखनौला परतल्या, इंदूताईंच्या यजमानांनाही इथल्याच संशोधन संस्थेत नोकरी मिळाली आणि मैत्री जन्माची झाली. खोली डावीकडची की उजवीकडची हे भांडणही तेवढंच जुनं. आणि 'लवकर या'चं कारण हे, की नसीमआपा पुढच्या आठवड्यात कॅनडाला मुलाकडे कायमच्या चालल्या होत्या. खोलीचं अर्धं सामान एकीच्या डोक्यात आणि अर्धं दुसरीच्या. परवा माझं परतीचं विमान, त्यामुळे दोघींना एकत्र बसवायला हातात उद्याचाच दिवस होता. त्यातही मंजूताईंकडे उद्याच हळदीकुंकू. दुष्काळात तेरावा महिना!

सकाळी मी स्वतःच नसीमआपांना आणायला चौकात गेले. चौक म्हणजे लखनौचा जुना बाजार. धुक्यात फेरीवाले निमिष (दुधाचा केशरी फेस, फक्त थंडीत मिळणारा) विकत होते. द्रोण हातात घेतला तर रिकामाच वाटला, जिभेवर ठेवला तर काही ठेवलंय असं वाटेपर्यंत संपला. मी तीन द्रोण खाल्ले आणि चौथा मागताना विक्रेत्याने, नाश्ता करून आला नाहीत का, असं फार मायेने विचारलं.

नसीमआपांच्या घरात भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते. बैठकीत बांधलेल्या बॅगा. आपा लहानखुऱ्या, पांढऱ्या चिकन-भरतकामाचा दुपट्टा, डोळे मिश्कील. मी चित्राची गोष्ट सांगितली तशी लगेच चप्पल शोधू लागल्या. रिक्षात बसल्यावर मला बजावून म्हणाल्या, की इंदू जे सांगेल त्यातलं निम्मं लिहून घे. ती बिचारी एडनपर्यंत नुसती रडत होती, तिला काय दिसणार? ही गोष्ट मला मंजूताईंनीही सांगितली होती. इंदूताई बोटीवर रडल्या हे लखनौच्या तमाम मराठी मंडळाला पाठ होतं, आणि दर हळदीकुंकवाला एकदा तरी निघायचं.

दुपारी घर भरलं. हवाई दलातल्या, संशोधन संस्थांतल्या मराठी बायका, साताऱ्याची कोणी, जळगावची कोणी, आणि सगळ्यांच्या तोंडी 'अच्छा, सुनो ना'. तिळगूळ देऊन झाला आणि बायका जहाजाभोवती बसल्या. जिने तिने खोल्या वाटून घ्यायला सुरुवात केली. एका विंग कमांडरच्या बायकोने कप्तानाची केबिन पटकावली. मी मात्र त्या दोघींच्या मधे, पेन्सिल ताणून.

सामान भराभर जमत गेलं. पाण्याची सुरई अडकवायची कडी नसीमआपांना आठवली, छतातून वारा सोडणारं वाटीएवढं भोक इंदूताईंना. कपाटावरची नारिंगी जीवरक्षक जाकिटं. समोरच्या दोन बर्थवर केरळच्या दोन नर्स, त्या सतत झोपलेल्या. पायांशी लोखंडी ट्रंक आणि तिच्यावर इंदूताईंचा लोणच्याचा बरणीबंद संसार. बायका थक्क होऊन ऐकत होत्या. इतका आनंद मला कुठल्याही नाचघराने दिला नव्हता.

आणि मग आलीच ती गोष्ट. खोली कुठे? बाएँ, एक म्हणाली. उजवीकडे, दुसरी म्हणाली. मी रडकुंडीला आले. बाजू चुकली तर सगळं खोटं ठरणार होतं.

इंदूताईंनी हातातला तिळगूळ खाली ठेवला. "नसीम, एक बात बता। लाल समंदर में तू नमाज़ पढ़ती थी, तो मुँह किधर होता था? खिड़की की तरफ़ या दरवाज़े की तरफ़?"

"खिड़की की तरफ़," नसीमआपा पटकन म्हणाल्या. "स्टुअर्ड से रोज़ पूछती थी क़िबला किधर है। पर्दा हटा देती थी।"

क़िबला म्हणजे मक्केची दिशा. मी फोनवर नकाशा काढला. तांबडा समुद्र चढत बोट उत्तरेला निघाली, की मक्का राहते उजव्या हाताला. तोंड खिडकीकडे, म्हणजे खिडकी उजवीकडे. मी बोटाने नकाशावर दाखवलं.

नसीमआपांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन नकाशा पाहिला. मग म्हणाल्या, "तो साठ बरस मैं ग़लत लड़ी।"

बायका हसल्या. इंदूताई जिंकल्या होत्या, तरी जिंकल्यासारख्या दिसत नव्हत्या. त्यांनी नसीमआपांचा हात हातात घेतला होता. आणि जिंकण्याहरण्याच्या भरातच असेल, नसीमआपा सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "अब हार ही गई हूँ तो एक बात और सुन लीजिए। जहाज़ पर इंदू नहीं रोई थी। मैं रोई थी।"

इंदूताई म्हणाल्या, राहू दे गं. पण नसीमआपा थांबल्या नाहीत. ज्याच्याकडे निघाल्या होत्या त्याला त्यांनी निकाहच्या वेळीच काय तो पाहिलेला. दिवसा ठीक असायचं, रात्री हुंदके आवरायचे नाहीत. सकाळी नर्सनी विचारलं, कोण रडत होतं? इंदूताईंनी वरूनच सांगून टाकलं, मी. तिथून पुढे साठ वर्षं तेच चालू राहिलं.

"ऊपर से हाथ लटका देती थी," नसीमआपा म्हणाल्या. "मैं पकड़कर सो जाती थी।" मग जरा थांबून, "हवाई जहाज़ में तो ऊपर वाली बर्थ होती नहीं।"

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मी त्या लपवल्या नाहीत. मंजूताई चहा आणायला आत गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत.

परतीच्या विमानात मी कोरा कागद काढून पुन्हा सुरुवात केली. आता जहाजाचं तोंड डावीकडे. चित्र नुसतं उलटवून चालत नाही, नावही उलटं उमटतं आणि डावीकडच्या खोल्या उजवीकडच्या होऊन बसतात. सगळे मजले नव्याने काढायचे होते. पण काढता काढता लक्षात आलं, की मुंबईहून विलायतेला जाणारं जहाज नकाशात डावीकडेच जातं. वर्षभर मी या लोकांना उलट दिशेला नेत होते. एवढ्या खोल्या मोजून-मापून भरल्या, पण त्यांतली माणसं कुठे निघाली आहेत हे एकदाही विचारलं नव्हतं.

प्रकाशक महाशय रागावले, मग त्यांनी भिंग मागवलं. खालचा मजला बघत बघत ते त्या खोलीशी आले. जाकिटं, सुरई, ट्रंक, झोपलेल्या नर्स, सगळ्यावर त्यांनी बरोबरची खूण केली. वरच्या बर्थपाशी भिंग थांबलं.

"इथे हा हात बाहेर लोंबतोय," ते म्हणाले. "चुकून राहिलाय का? खोडून टाकू?"

मी म्हटलं, "नको. तो कोणीतरी धरलाय."