कॉपरसाठी दुसरी मुलं आहेत

"हिला काय शिकवायचं? हिच्या घरी रोज डिस्टिलेशन होतं."

सर असं म्हणाले तेव्हा मी स्टँडला फ्लास्क लावत होते. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. ऊर्ध्वपातनाचं प्रॅक्टिकल. द्रव उकळायचा, वाफ थंड करायची, थेंब गोळा करायचे. अख्खी लॅब हसली. माझ्याच टेबलावरची, शहराला लागूनच्या सिंदी मेघेची मैत्रीण हसली, मग बर्नरची ज्योत उगाच कमी-जास्त करत बसली. ज्यांना कळलं नाही त्यांना शेजाऱ्यांनी समजावलं. ती गोंड आहे ना. मोहाची दारू.

मग तेही हसले.

सर म्हणजे विद्यापीठातल्या आमच्या रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख. फार शुद्ध बोलायचे. शिवी कधी दिली नाही. गरजच पडली नाही त्यांना.

माझं गाव कारंज्याच्या पुढं, जंगलाला लागून. बाबा वनखात्यात रोजानं जातात. माय मोहफुलं वेचते, वाळवते, विकते. आमच्या घरी दारू कोणी काढत नाही. काढत असते तरी सरांचं काय गेलं असतं? मी दारूची बाटली पहिल्यांदा जवळून पाहिली ती या दारूबंदीच्या जिल्ह्यात, विभागाच्या स्नेहसंमेलनानंतर, शुद्ध बोलणाऱ्यांच्या गाडीत.

तिसऱ्या वर्षी विभागानं संधी जाहीर केली. बी.एस्सी.च्या मुलांनी सुट्टीत संशोधनाच्या लॅबमध्ये काम करायचं, स्वतःचा विषय घेऊन. मला ते हवं होतं. भूक लागते तसं. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, पाण्यात अमोनिया टाकला की आधी फिकट निळा गाळ येतो. अजून टाकला की गाळ विरघळतो आणि असा गर्द निळा रंग येतो की बघतच राहावं. तांब्याभोवती अमोनिया जाऊन बसतो. त्याच्या जागी दुसरं काय बसवता येईल, मग रंग कसा बदलेल, हे मला शोधायचं होतं.

मुलाखतीत सरांनी मला मध्येच थांबवलं.

"कॉपरसाठी दुसरी मुलं आहेत. तू मोहफुलावर कर. तुमच्यातल्या बायका दारू कशी काढतात ते आईला विचारून ये. छान प्रोजेक्ट होईल."

मला आत जायचं होतं. मी हो म्हटलं.

गावी गेले. माय अंगणात फुलं पसरवत होती. तिला सांगितलं, सरांना असं असं पाहिजे. तिचा हात थांबला.

"तुले तिथं शिकाले धाडलं का मले इचाराले?"

मी तिच्या बाजूला बसून फुलं पसरवू लागले.

"काऊन गप्प बसली? सांगजो त्या सरले. माय म्हणते, मले नाई येत."

ते मी सरांना सांगितलं नाही. पुस्तकांतून, लेखांतून जमेल तेवढं गोळा केलं आणि मोहफुलातल्या साखरेवर काम सुरू केलं. स्पेक्ट्रोमीटरच्या खोलीत मला जाऊ दिलं नाही. "मशीन नाजूक आहे," सर म्हणाले. कॉपर मैत्रिणीला मिळालं. तिनं मागितलंही नव्हतं. तिचे वडील आणि सर सकाळी सोबत फिरायला जायचे, एवढी पात्रता पुरली. ती एकदा मला म्हणाली, "मले तर हे बोर होऊन राह्यलं यार." मी तिच्या टेबलावरच्या निळ्या नळीकडे बघत होते.

मग बाहेरून तपासणी समिती येणार असं ठरलं. आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं.

"उद्या तुमच्या पद्धतीचं लुगडं नेसून ये. गुडघ्यापर्यंत. दागिने असतील तर घाल. मडकी मी मागवली आहेत."

मी पांढरा ॲप्रन घालून गेले. व्हरांड्यात विटांची चूल मांडली होती. मडक्यावर मडकं, बांबूची नळी, बाजूला टेराकोटाची शोभेची कुंडी. सरांनी माझा ॲप्रन पाहिला आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. पण पाहुणे आलेच होते.

"ही आमची आदिवासी विद्यार्थिनी," सर म्हणाले. "रसायनशास्त्र यांच्या रक्तातच आहे. दाखव बेटा."

बेटा.

पुस्तकी मराठी मला छान येते. त्या दिवशी मी ती वापरली नाही.

"सर, हे मडकं तुमी आणलं. तुमीच लावा. मी इथं केमिस्ट्री शिकाले आली. मले कॉपरवर काम करायचं होतं, तुमी करू नाई दिलं."

एका पाहुण्या बाईंनी मडक्याचा फोटो काढला. दुसऱ्या गृहस्थांनी चहा कुठे आहे ते विचारलं. एवढे विद्वान लोक. त्यांच्या तोंडून तेवढंच निघालं.

नंतर सर केबिनमध्ये म्हणाले, "तुझ्यासारखीला संधी दिली, ही माझी चूक." माझा प्रोजेक्ट बंद झाला. प्रमाणपत्र मिळालं नाही. मैत्रिणीला मिळालं.

बाबा घाबरले. माय म्हणाली, "बरं केलं. आता घरी नोको येजो, तिथंच शिकजो."

तिथंच शिकतेय. एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दिली आणि त्याच विभागात जागा घेतली. सरांच्या तासाला पहिल्या बाकावर बसते. ते माझ्याकडे बघत नाहीत. भिंतीकडे बघून शिकवतात. मोठा माणूस, भिंतीला शिकवतो. स्पेक्ट्रोमीटर मी वापरते. माझ्या हातानं ते अजून मोडलं नाही.

लोक म्हणतात, झालं गेलं सोड, सर रिटायर होतील. मी सोडणार नाही. त्यांनी माफी मागावी असंही मला वाटत नाही. त्यांच्या माफीचं मी काय करू?

यंदाही बी.एस्सी.ची मुलं सुट्टीतल्या संशोधनासाठी येतील. त्यांना लॅब दाखवायचं आणि मुलाखतीला आत घेऊन बसायचं काम आम्हा एम.एस्सी.वाल्यांकडे आलंय. मुलाखतीच्या वेळी मी त्याच खोलीत असणार. समोर एखादी पोरगी बसेल. सर विचारतील, गाव कोणतं, तुमच्यात काय करतात.

मी म्हणणार, सर, आधी तिला विषय विचारा.

त्यांनी नाही विचारला, तर मी विचारणार.