दोरावरचे दाजी

काशीदच्या भागोजी भंडाऱ्याची उभी हयात माडांवर गेली, पण त्याला घाई करताना कुणी पाहिलं नाही. माडीचं भरलं मडकं तो असं उतरवायचा की वरचा फेसही मोडू नये. दोराचे दोन वेढे खोडाला, म्हणजे भार माडावर. आपण नुसता दोर सोडत राहायचं. खाली त्याची धाकटी बहीण ठमी असे. मडकं टेकलं की ती दोराला हिसका द्यायची आणि भागोजी दोर मोकळा सोडायचा.

ठमीचा नवरा येसाजी म्हणजे दुसरं टोक. दोन माड उरकून तिसऱ्यावरून ओरडायचा, "कासवा, जागा हायस का?" दाजींना एकदा वरून खाली टाकावं, असं भागोजीच्या मनात कित्येकदा येऊन गेलं होतं.

तीस सालच्या उन्हाळ्यात ती संधी आयती चालून आली. शेंड्याशी येसाजीचा पाय निसटला, घोटा मोडला आणि तो झावळ्यांत अडकून बोंबलू लागला. भागोजी चढला. एक फास त्याच्या मांड्यांखालून घातला, दुसरा काखेतून. गाठी पुन्हापुन्हा ओढून पाहिल्या.

"मेल्यावर उतरवणार हायस काय?" येसाजी खेकसला.

"गप बसा, दाजी. मडकं बोलत न्हाय."

खालून ठमी रडत होती, "दादा, संभाळून रे! मला एकच नवरा हाय!"

अर्ध्या वाटेत येसाजीच्या लंगोटीत लाल मुंग्या शिरल्या. तो तडफडला, दोराला हिसका बसला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने भागोजीची मूठ आपोआप उघडली. दाजी सरसर खाली गेले. खोडावरच्या वेढ्यांनी दोर जरा अडखळला, तेवढ्यात भागोजीने तो पकडला. तळहात सोलून निघाले. आपण आपल्याच बहिणीचं कुंकू पुसत होतो, या भीतीने त्याने दोर आणखी आवळून धरला.

मग त्याचा हिसक्यांवरचा विश्वासच उडाला. येसाजी जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत राहिला आणि ठमी हिसके देऊन दमली.

"सोड रे, पोचले हायत!"

"मग दाजी बोलत का न्हायत?"

येसाजी खरंच बोलत नव्हता. जन्मात पहिल्यांदा त्याची वाचा बसली होती. शेवटी ठमीने कोयत्याने दोर कापला आणि नवऱ्याला मांडीवर घेतलं. तरी वर भागोजी रिकामा दोर आवळून ढसाढसा रडत होता.

येसाजीने मान वर केली.

"भागोजी," तो म्हणाला. कासवा म्हणाला नाही. "मी खाली हाय. दोर सोड, बाबा."